ह्यांच्या आजाराचं नाव

११ जाने.
ह्यांनी गोळ्या बंद केल्यात. आज कळलं. डिसेंबरात आणलेलं पाकीट कपाटात तसंच्या तसं. विचारलं तर दोन्ही हात पुढं केले. "बघ. गोळी न्हाय तर थरथर न्हाय. तुटलेला धागा एका झटक्यात बांधतोय." खरंच हात स्थिर. लिथियम सुरू झाल्यापासनं मागावर धागा तुटला की पूजाला हाक मारायचे. लहानपणापासनं विणणारा माणूस, आणि गाठ मारायला लेकीला बोलवायचं. म्हटलं, डॉक्टरबाईंना एकदा विचारू. "विचारू की." म्हणजे नाही.

१९ जाने.
चांगले आहेत. फारच चांगले. मी उठायच्या आधी अंघोळ, देवपूजा, अंगण झाडून. आत्तींचे पाय चेपून दिले. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, खूष. "माझा शंकर परत आला बघ." पूजा माझ्याकडं बघत होती.

२४ जाने.
मन वर वर चाललंय ह्यांचं. झोप नाहीच. आख्ख्या शहापुरात फोन. खडेबाजारात दुकान टाकणार, मग पुण्यात, मग... एक वाक्य पुरं होईना, दुसरं सुरू. मी मध्ये बोलले तर, "तुला माझं बरं बघवत न्हाय." हे आजार बोलतो, ते नाही, असं डॉक्टरबाई म्हणतात. लागायचं तेवढं लागतंच.
दवाखान्याचं नाव काढलं की पायात चप्पल घालून बाहेर.

२ फेब्रु.
निपाणी. माझ्या भावाच्या, सुरेशच्या मुलीचा, रेश्माचा साखरपुडा. ह्यांना न्यायचं का नाही, ठरेना. न नेता तरी कसं. वाटेत गात होते.
हॉलमध्ये माइक घेतला. आधी सगळे हसले. बोलतात छान. मग बसलेल्या प्रत्येक बाईला एक साडी जाहीर केली. मग नवऱ्यामुलाच्या वडलांकडं बोट दाखवून, "तुमच्या घरात आमची पोरगी देतोय, उपकार माना." मग तेच कन्नडमधनं. सुरेश माइक ओढायला गेला. झटापट. रेश्मा भरल्या ताटासमोर रडत बसलेली.
सुरेशनं मला बाजूला घेतलं. "आक्का, दाजी पिऊन आलेत काय?"
"न्हाय रं."
"पिऊन आले असते तर बरं झालं असतं. लोकांना सांगता तरी आलं असतं."

५ फेब्रु.
सकाळपासनं गायब. मोटरसायकल नाही, फोन घरीच. दुपारी कणकुंबीहून एका चहावाल्याचा फोन. माझा नंबर ह्यांनीच दिलेला. नदीच्या उगमाच्या देवळापाशी आहेत, अंगात शर्ट नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगतायत की नदी इथं जन्मली, मी पण आज इथंच जन्मलो. "वैनी, आम्ही उलटं काय बोललो न्हाय. ऐकून घेतलं, चहा दिला. बसलेत." कोण कुठला माणूस.
भाड्याची गाडी करून पूजा नि मी गेलो. मी तोंड उघडणार होते. पूजानं हात दाबला. शेजारी जाऊन बसली, त्यांचं सगळं ऐकलं, मग म्हणाली, "पप्पा, भूक लागली मला." लगेच उठले. एवढ्यातही लेकीची भूक समजली.

६ फेब्रु.
ॲडमिट. सही माझी. आत्ती म्हणाल्या, "येड्यांच्या दवाखान्यात घातलीस माझ्या पोराला." जेवल्या नाहीत. मीही नाही.

२० फेब्रु.
घरी आणलं. गोळ्या परत सुरू. डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. "हात थरथरतात हे मला का नाही सांगितलं? डोस बदलता येतो. त्यावर औषध पण असतं. आपल्या मनानं बंद करायचं नाही." हे मान खाली घालून. बाहेर आल्यावर म्हणाले, "शरम वाटली गं. विणकराचा हात, नि..."

२३ मार्च
आता खाली. भिंतीकडं तोंड. दाढी वाढलेली. माग बंद, गल्लीतनं येताना आपलंच घर मुकं वाटतं. सगळं आठवतंय त्यांना, ते जास्त वाईट. "माइकवर मी काय काय बोललो?" अर्धंच सांगितलं.
शेजारीण म्हणते, मन घट्ट करायला सांगा. पाय मोडलेल्याला पळ म्हणून सांगायचं तसं. मी पण पहिल्यांदा असंच सांगायची. आता नुसती बसते. पेजेची वाटी ठेवते. चार घोट घेतले तर घेतले.

४ एप्रि.
"मी नसलेलं बरं तुम्हाला." मी भाकरी थापत होते. तवा उतरवला. हात न धुता तशीच जाऊन बसले. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, असं काही बोलले तर आडून विचारू नका, सरळ विचारा, विचारल्यानं वाढत नाही. विचारलं. "जीव द्यायचं मनात येतंय काय?" मग, "येतंय."
तसंच डॉक्टरबाईंकडं. आता गोळ्या माझ्या ताब्यात. एकटं सोडायचं नाही. आत्ती आपणहून म्हणाल्या, सकाळी मी बसते त्याच्याजवळ. बसतात. तांदूळ निवडत. दवाखान्याला नावं ठेवायचंही थांबलंय.

२८ एप्रि.
सुरेशचा फोन. रेश्माचं लग्न १४ मे. "आक्का, तू नि पूजा या. दाजींचं... तू समजून घे." माझ्या फोनमधला आवाज बाहेर ऐकू येतो. ह्यांनी ऐकलं. "जा तू. सुरेशचं बरोबर हाय."
मला राग आला पाहिजे होता. कुणाचा, तेच कळेना.

१४ मे
एकटीच गेले. पूजा ह्यांच्यापाशी. मांडवात नवऱ्यामुलाच्या आईनं विचारलं, यजमान दिसत नाहीत? सुरेश मध्येच, "बेंगळूरला गेलेत, कामाला." ठरवलेलं काही नव्हतं. तोंडातनं निघालं, "न्हाय, घरी हायत. आजारी हायत. बायपोलर म्हणत्यात त्याला. त्या दिवशी बोलले ते त्यातनंच."
बाई अक्षता मुठीत धरून दुसरीकडं गेल्या.
निघताना सुरेश मांडवाच्या तोंडाशी. "आजच सांगायचं हुतं?"
बस लगेच मिळाली. घरी ह्यांनी विचारलं, पोरगी कशी दिसत होती? म्हटलं, लई छान. बाकीचं सांगितलं नाही.

२ जून
सुरेश फोन उचलत नाही. रेश्माला सासरी कुणी काय बोललं का, तेही कळत नाही. चुकलं का माझं? खोटं बोलले असते तर चाललं असतं का... जाऊ दे.
हे आज अंगणापर्यंत आले. दाढी केली.

१५ जून
आत्ती पूजाचा चष्मा घालून देवळात जाऊन आल्या. आल्यावर म्हणतात, "देव आज लई मोठा दिसला." पूजाला हसू फुटलंच. आणि हे हसले. मोठ्यानं, डोळ्यात पाणी येईपर्यंत. किती महिन्यांनी.
हे काल किती झोपले ते मी मात्र आठवत बसले. नीट झोपले होते. गोळी माझ्या हातूनच घेतलेली. तरी डोळे निरखत राहिले, चमक जास्त आहे का म्हणून.
ह्यांनी ओळखलं. हसू जागच्या जागी थांबलं. चहाचा कप खाली ठेवला.
"किती हसलं तर चालतंय गं?"