धुऱ्यावरची बिडी

१२ जुलै, शनि.
बिडी सोडून आज एकेचाळीस दिवस. मारुतीला तेल वाहिले. पुजाऱ्याने पुन्हा चार माणसांत सांगितले, "मोरेश्वरभाऊनं एका दिवसात सोडली." बरे वाटले, खोटे कशाला लिहू. पण त्यात मोठे काही नाही. स्वभाव हेकट. चारचौघांत बोललो की मागे फिरता येत नाही. बंडल देवळामागच्या तलावात फेकला, संपले.
सोमवारपासून आपल्या बांधीत भाताची रोवणी.

१४ जुलै, सोम.
दुपारी रोवायच्या पऱ्ह्यांच्या पेंड्या घेऊन गेलो तर सौ. आणि रोवणीच्या बायांतली म्हातारी कौतिकाबाई मोहाच्या झाडाखाली, बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसलेल्या. धूर दोघींचा. मला पाहून सौ.ने मूठ मिटली. मी काही न पाहिल्यासारखे केले.
रात्री भात वाढताना तिच्या तळहातावर फोड दिसला. पेटती बिडी मुठीत दाबली होती.
चोवीस वर्षांचा संसार. मला वास कसा आला नाही? माझ्याच अंगाला तो होता.

१५ जुलै
विचारले, कवापासून?
"प्रीती चालाले लागली तवापासून."
प्रीती, आमची लेक, आता तीस तारखेला येणार, पहिल्या बाळंतपणाला. म्हटले, लहान जीव या घरात यायच्या आधी सोड. मी सोडली तशी. शनिवारी चल, मारुतीपुढे बोल.
"तुमी सोडली तं लोकं वाहवा करतेत. मी सोडली म्हणून सांगू तं पेत होती हे पयले कळन."
 

१९ जुलै, शनि.
देवळात एकटाच गेलो. ती आली नाही. मनात राग होता, तेल सांडले.
येताना कौतिकाबाई भेटली. "बापू, कायले तिले देवळात ओढून राहिला? तिले कंबर सीदी कराले भेटते का, ते पाह्य ना. रोवणीत बिडीवाली बसली तं कोणी काई म्हणत नाई. बिना बिडीची बसली तं आळशी. अन् मालकीन बसली तं..." नुसती हसली.

२० जुलै
झोप नीट नाही.
बाबांनी शेती माझ्या हाती दिली, ती पहिली रोवणी. तेव्हा सौ.ला मीच बजावले होते, "तू बसली की सगळ्या बाया बसतात. तू बसायचं नाही." बिडी ओढणारीला मात्र मी कधी उठवले नाही. मी स्वतः ओढणारा, कोणत्या तोंडाने उठवणार? प्रीती तेव्हा नुकती चालायला लागली होती.
तिला तंबाखूपेक्षा बसण्याची गरज जास्त असावी. की हेही मीच ठरवतो आहे?

२१ जुलै, सोम.
बांधीत सगळ्यांदेखत सांगितले, दुपारच्या आधी एकदा, नंतर एकदा, सगळ्यांनी बसायचे. बिडी असो नसो.
"भाऊजी, बिडी सोडून डोस्कं फिरलं का?" बाया हसल्या. कौतिकाबाई सगळ्यांच्या आधी बसली. सौ. उभीच. शेवटी मी धुऱ्यावर बसलो, तेव्हा टेकली. हात कुठे ठेवावे कळेना तिला. नखांतला चिखल काढत राहिली.
दुसऱ्या वेळी मोहामागे गेली. मी तिकडे पाहिले नाही.

२५ जुलै
दोन्ही वेळा बसली. मोहामागे नाही. मी काही बोललो नाही. बोलून मी बांधला जातो. ती बोलून सुटत नाही. एवढे कळायला चोवीस वर्षे.

२९ जुलै, मंगळ.
काल रोवणी आटोपली. आज दिवा लावल्यावर तिने तांदळाच्या कोठीतून बंडल काढून माझ्या हातात दिला. सात बिड्या, काडीपेटी.
"हे ठेवा तुमच्यापाशी. मागितली तं देजा. भांडू नोका."
"नाही मागशील तू."
"तुमाले का माहीत? मलेच नाई माहीत."
देव्हाऱ्यात ठेवावा असे मनात आले. पण ओझे देवावर का टाकायचे. तलावात फेकता येत नाही, मागितली तर द्यावी लागेल. सदऱ्याच्या खिशात ठेवला. अठ्ठावन्न दिवसांनी तोच वास, अगदी छातीजवळ.
उद्या दहाच्या बसवर प्रीतीला आणायला सडक अर्जुनीला. दोघेही जाऊ. सदरा हाच घालीन.