तिखट बटण

१४ मार्च, मंगळवार

टिपऱ्या, लेका,

सप्रेम नमस्कार, आणि त्यातलं प्रेम अजून थोडं रुसलेलं आहे असं समज. तू आणि वहिनी बरी असालच. तुझी कंबर काय म्हणते? इकडे सगळं ठीक. सूनबाईला दवाखान्यात सकाळची पाळी मिळाली, चिरंजीव नेहमीसारखे दौऱ्यावर, आणि माझा गुडघा जिना दिसला की कुरकुरतो. पत्र बघून तू हसशील. हाकेच्या अंतरावर राहणारा माणूस पत्र पाठवतो, याला फोन करायला काय धाड भरली? पण पत्राची मजा वेगळी, नाही का?

मुद्द्याचं सांगतो. मास्तरांनी मला बँडच्या या शनिवारच्या तालमीपर्यंत मुदत दिली आहे. "बासचा आवाज सुधारला तर ठीक, नाहीतर मला दुसरा वाजवणारा बघावा लागेल," असं म्हणाले, तेही पियानोच्या पट्ट्या पुसत, माझ्याकडे न बघता. तू नव्हतास, कारण तू माझ्याशी बोलत नव्हतास.

मोठा लाकडी बास, ते जाड तारांचं माणसाएवढं धूड, जिन्यांवरून नेणं गुडघ्याला झेपेना, म्हणून मी हा जुना इलेक्ट्रिक उभा बास घेतला. पहिल्याच दिवशी तू त्याला कपडे वाळत घालायची काठी म्हणालास, ते मी हसण्यावारी नेलं. पण सगळ्यांसमोर "अरे घुम्या, कानात सुया टोचतायत," म्हणालास तेव्हा माझी सटकली. "कान तुझे फुटलेत!" असं मी ओरडलो. तू ड्रमच्या काठ्या पिशवीत घातल्यास आणि चालता झालास.

मग मी हट्टाला पेटलो. लाकडी बासला पोट असतं, त्यात आवाज घुमतो. या काठीला पोटच नाही. तारांची थरथर, त्या ज्यावर टेकतात त्या घोडीच्या दोन पायांखालच्या दोन चकत्या पकडतात, नाण्याएवढ्या. पिएझो म्हणतात त्यांना. आवाज मुळात चिरका आणि जीव एवढासा. सरळ स्पीकरला जोडलं की खालचे सूर वाटेतच मरतात. म्हणून मध्ये आवाजाला बळ देणारी प्रीअँपची छोटी डबी बसवली. घोडीचा एक पाय नीट टेकत नव्हता, तो घासून सपाट केला. तरी खर्ज पोकळच! डोकं खाजवून खाजवून शेवटी सापडलं. आधीच्या मालकानं एका चकतीच्या दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते, आणि दोघी मिळून खर्ज गिळून बसतात. आपल्या दोघांचंच उदाहरण. वायरी बदलल्या, जाडी तार छेडली, आणि खोली भरली रे!

पण मला सूर गोधडीखालून आल्यासारखा वाटत होता. बोट तारेवर पडल्याची टकटक ऐकूच येईना. म्हणून आपलं तिखट बटण, वरचे सूर वाढवायचं, पार शेवटपर्यंत फिरवलं. सूनबाई कानांवर हात ठेवून धावत आली.

"बाबा, किती कर्कश! दात आंबले माझे."

"कर्कश कुठे? उलट दबलंय."

तिनं बटण निम्म्याच्या खाली आणलं. "आता वाजवा बरं."

वाजवलं. मी म्हटलं, "बघ, मेलं ना?"

"मेलं? अहो, स्वयंपाकघरात झाकणं थरथरतायत." ती मला हाताला धरून मांडणीपाशी घेऊन गेली, माझा हात फळीवर ठेवला आणि स्वतः जाऊन जाडी तार छेडली. फळी थरथरली. परत आली तेव्हा हळूच म्हणाली, "बाबा, दाराची बेल कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

मी म्हटलं, बेल बिघडलीय.

काल ती मला तिच्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. खालचे सूर धडधाकट आहेत, वरचे झिजलेत. म्हणजे फुटके कान माझेच निघाले. आता पत्राची मजा काय ते तुला कळलं असेल. फोनवर सगळे माझ्याशी कुजबुजत बोलतात असं मला वाटायचं, आणि मी नुसतं "हो हो" करायचो.

घाबरलो रे. घरी येऊन रडलोही, वहिनीला सांगू नकोस. वाजवणाऱ्याचे कान गेले तर उरलं काय? यावर सूनबाई म्हणाली, "चष्मा लावून वाचता ना? मग यंत्र लावून ऐका." इतकं सरळ बोलली की मला माझीच लाज वाटली. यंत्र पुढच्या आठवड्यात येईल. पण शनिवार त्याच्या आधी आहे.

म्हणून हे पत्र. शनिवारी ये. मास्तरांना कानांचं मीच सांगणार आहे, पण आधी बास ऐकवून. तू स्पीकरसमोर उभा राहा आणि तिखट बटण तुझ्या हातानं लाव. सूनबाईनं निम्म्याखाली ठेवलंय, पण ती काही आपल्या बँडमधली नाही. तू मान हलवलीस की मी बटणाला हात लावणार नाही, मला कितीही दबलेलं वाटलं तरी. मग ड्रमवर बस आणि चार ठोके दे. बाकी माझी बोटं बघून घेतील, त्यांना काही झालेलं नाही.

मला अजून वाजवायचंय, टिपऱ्या. तुझ्या बाजूला उभं राहून वाजवायचंय.

तुझ्या कानांच्या भरवशावर असलेला,
घुम्या

ता. क. आधी घरी आलास तर बेल दाबत बसू नकोस. मुठीनं दार ठोक. तुझा ठोका मला अजून ऐकू येतो.