चौथा नंबर म्हणजे अपमान

१४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ
आजपासून चिडायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, बायकोने, लोर्नाने सांगितलंय, आता मीही स्वतःला बजावतोय. ब्लड प्रेशर हा विषय संपला.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
निवड समितीने टीव्हीवर मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमधले पहिले सोळा संघ जाहीर केले. अजून कच्चेच, पक्के मार्चमध्ये. आमचं सँडहिल स्टेट सोळावं! स्पर्धेत चार विभाग, म्हणजे मार्चमध्ये आमच्या विभागात चौथं मानांकन. अख्ख्या मोसमात या मुली तीनदा हरल्या, त्यातही एकदा बर्फामुळे बस उशिरा पोचली म्हणून. या समितीतल्या लोकांनी नेब्रास्का कधी नकाशात तरी पाहिलाय का? तळपायाची आग मस्तकात गेली. रिमोट आपटला. आपटला म्हणजे जरा जोरात ठेवला. बॅटरीचं झाकण उडून कुठे गेलं कोण जाणे.

लोर्ना मात्र खूश. म्हणे, चौथं तर चौथं, पहिल्या दोन मॅच आपल्याच जिममध्ये होतील की. प्रत्येक विभागातल्या पहिल्या चारांना तो मान असतो. जानेवारीत तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, लांबचा प्रवास बंद. आणि टेसचं हे शेवटचं वर्ष. टेस म्हणजे आमची नात, संघाची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारी. गॅरेजच्या दारावरच्या रिंगमध्ये तिला बॉल टाकायला लोर्नाने शिकवलं. मी बाजूला उभा राहून मार्गदर्शन केलं.

लोर्नाला समजावलं की पहिलं मानांकन मिळालं तरी मॅच घरीच होतात, मग भीक मागायची तर चौथ्याची कशाला? ती म्हणाली, भीक कोण मागतंय, मला फक्त बसून बघायचंय. या बाईला महत्त्वाकांक्षा म्हणून नाहीच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
समितीला पत्र लिहिलं. सभ्य भाषेत. 'आंधळे' हा शब्द एकदाच वापरला.

रात्री लोर्नाचा भाऊ ऑर्विल जेवायला. राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल. हा माणूस पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होता, त्यामुळे त्याला वाटतं जगात सगळ्याला उत्तर असतं. म्हणतो, आपण चौथ्या-पाचव्याच्या काठावर आहोत, एखाद्या तळाच्या संघाकडून हरलो की पाचवे. आणि पाचव्याला परगावी जावं लागतं. मी विचारलं, तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस? तो म्हणाला, आकड्यांच्या. त्याला दुसरा रोल दिला नाही. लोर्नाने दिला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
आज इतिहास घडवला. रेडिओच्या खेळांच्या कार्यक्रमात फोन लावला आणि पंधरा मिनिटं थांबल्यावर नंबर लागला. स्पष्ट सांगितलं, 'चौथं देणार असाल तर नकोच. त्यापेक्षा पाचवं द्या. आम्ही कुठेही जाऊन खेळू.' याला डावपेच म्हणतात. समोरचा घाबरला पाहिजे.

निवेदक हसला. दिवसभर तेच वाक्य वाजवत होते. स्वयंपाकघरातला रेडिओ चालू होता हे मला ठाऊक नव्हतं. लोर्नाने तो बंद केला. रात्री कालचाच खिम्याचा मीटलोफ, तोही थंड.

२२ फेब्रुवारी, रविवार
टेसचा फोन. कोचने तिला विचारलं म्हणे, हा व्हर्लिन होस्टेटलर तुझा कोण? तिने सांगितलं, आजोबा. कोच 'अस्सं' म्हणाली आणि पुढे गेली. टेस म्हणते, आजोबा, पुन्हा रेडिओवर जाऊ नका. शब्द दिला.

२४ फेब्रुवारी
व्हर्लिन होस्टेटलर रेडिओवर जाणार नाही असा शब्द होता. म्हणून 'ग्रँड आयलंडहून गॅरी' या नावाने फोन केला. निवेदक म्हणाला, बोला व्हर्लिन.

१ मार्च, रविवार. सकाळ
घरच्या मैदानावरची मोसमातली शेवटची मॅच. समोरचा संघ तळाचा, हातचा मळ. ऑपरेशननंतर लोर्ना पहिल्यांदाच जिममध्ये येतेय. वॉकर घेऊन. आमच्या जिमच्या बाकांचं लाकूड कडक, म्हणून तिने जाड फोमची निळी उशी शिवलीय. संकल्प : रेफरीशी बोलायचं नाही. हात मांडीवर ठेवायचे.

१ मार्च, रात्र
हरलो. एका पॉइंटने. रेफरीचे डोळे तपासायला हवेत. एक किरकोळ प्रसंगही घडला. त्याबद्दल उद्या.

२ मार्च, सोमवार
कालच्या प्रसंगाची खरी हकीगत, कारण गावात वाटेल ते बोलतायत.

शेवटची दोन मिनिटं. आम्ही एकाने पुढे. टेस बॉल घेऊन घुसली, सगळं जिम उठलं. लोर्नासुद्धा वॉकर धरून उठली, आणि मला सांगायला हरकत नाही, तिचा चेहरा जानेवारीनंतर पहिल्यांदा असा फुललेला दिसला. तेवढ्यात रेफरीने शिट्टी मारली. म्हणे टेसने बॉल न आपटता पावलं टाकली. खोटं! ढळढळीत खोटं! मीही उठलो होतो. हात मांडीवर ठेवायचे ठरलं होतं, पण उभ्या माणसाला मांडी कुठून असणार? हाताला काहीतरी लागलं. ते हातातून सुटलं.

ती उशी होती. ती बरीच लांब गेली. माझा खांदा आखडलाय असं डॉक्टर म्हणतात, ते साफ चुकीचं ठरलं. उशी थेट रेफरीच्या पायाशी.

प्रेक्षकाने काही फेकलं तर घरच्या संघावर टेक्निकल फाऊल. समोरच्यांना दोन फ्री थ्रो, दोन्ही रिंगमध्ये गेले. त्या एकाच्या फरकाने हरलो. म्हणजे हिशेब लावला तर दोष शिट्टीचाच. शिट्टी नसती तर उशी नसती.

लोर्ना खाली बसायला गेली तेव्हा खाली नुसतं लाकूड होतं. तेवढा भाग मला नीट लिहिता येत नाही.

मला बाहेर नेणारा सुरक्षारक्षक ओळखीचा निघाला. वर्षानुवर्षं माझ्याकडून ट्रॅक्टरचे सुटे भाग न्यायचा. दारापर्यंत खांद्यावर हात ठेवून आला. जिमच्या ऑफिसातून आज फोन. या मोसमात पुन्हा जिममध्ये यायचं नाही.

घरात ऑर्विल आला होता. म्हणाला, व्हर्लिन, हात दाखवून अवलक्षण. मी त्याला विचारलं, यात गणित कुठे आलं?

८ मार्च
कॉन्फरन्सच्या, म्हणजे आमच्या गटातल्या कॉलेजांच्या, स्पर्धेत फायनलपर्यंत गेलो, तिथे हरलो. टीव्हीवर पाहिलं. पहिलं मानांकन आता थोडं अवघड. दुसरं नक्की. ऑर्विल म्हणतो, चौथं मिळालं तर मेणबत्ती लाव. लोर्ना त्याच्याशी बोलते. माझ्याशी 'मीठ दे' एवढंच.

१५ मार्च, रविवार
आज अंतिम मानांकनं. संघ आणि गावकरी जिममध्ये मोठ्या पडद्यासमोर जमलेले. मी पार्किंगमध्ये, पिकअपमध्ये, रेडिओ लावून. इथूनही ऐकू येतं. उलट नीट ऐकू येतं.

पहिली मानांकनं : नाही. दुसरी : नाही. तिसरी : नाही. लुच्चे. चौथ्यांची नावं सुरू झाली आणि मी स्टिअरिंग धरून चक्क 'चौथं, चौथं' म्हणत होतो. उसनं अवसान, दुसरं काय. एक, दोन, तीन, चार नावं. आमचं नाही.

पाचवं मानांकन : सँडहिल स्टेट. मॅच ओहायोत, तिथल्या चौथ्याच्या जिममध्ये. जायला गाडीने पुरा एक दिवस. मी हॉर्नवर हात मारला तो हॉर्न अडकला. बराच वेळ वाजत होता.

त्या आवाजाने टेस बाहेर आली. संघाचा कोट, काखेत निळी उशी. उशीवर बुटाचा ठसा. तिने काच खाली करायला लावली.

'आजोबा, आजी आत रडतेय. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.'

मी म्हणालो, पाचव्या नंबरावर दडपण नसतं, डावपेच म्हणून वाईट नाही.

'मला पहिला नंबर नको होता. दुसराही नको होता. आजी समोर बसलेली हवी होती, बस.'

उशी शेजारच्या सीटवर ठेवून ती आत गेली. मोसमभर एवढी दमलेली कधी दिसली नव्हती. दार मात्र हळूच लावलं तिने.

१७ मार्च
संकल्प, आणि हा शेवटचा : लोर्नाला ओहायोला मीच नेणार. पिकअपच्या मागच्या सीटवर गादी अंथरली. उशी हाताने धुतली. ठसा निघाला नाही, पण फिका झाला.

तिला सांगायला गेलो तर बॅग भरून तयार. ऑर्विलच्या व्हॅनमध्ये झोपून जाणार. डॉक्टर कुरकुरले, हिने ऐकलं नाही. मी म्हणालो, मीही येतो, पुढे बसतो, तोंड उघडणार नाही. तिने उशी घेतली, ठशावरून हात फिरवला.

'रेडिओवर म्हणालास ना, पाचवं द्या, आम्ही कुठेही जाऊ? मी जातेय. तू घरी बस. मला एक मॅच शांतपणे बघू दे.'

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. भांडायला तरी मिळालं असतं.

२१ मार्च, शनिवार
मॅच. घरी एकटा. चिली डब्यातली. रिमोट चालेना, बॅटरी निसटतात. झाकण शोधायला सोफ्याखाली हात घातला. सापडलं.

टेस सुंदर खेळली. एका फ्री थ्रोआधी तिने प्रेक्षकांत पाहिलं, आणि कॅमेराही तिथे गेला. लोर्ना. पहिल्या रांगेत, निळ्या उशीवर, ताठ. शेजारी ऑर्विल पॉपकॉर्न खात होता. माझ्या जागेवर.

हाफटाइमला टीव्हीवरचा जाणकार म्हणाला, या संघावर अन्याय झाला, याला चौथं मानांकन द्यायला हवं होतं. मी ताडकन उठलो. तेच तर! चौथंच! पहिल्या दिवसापासून मी दुसरं काय म्हणत होतो? लोर्नाला सांगायला वळलो. तिची खुर्ची रिकामी.

कुणाला तरी सांगायला हवंच होतं. रेडिओला फोन लावला. निवेदक 'बोला' म्हणाला. मी म्हणालो, 'मी व्हर्लिन.' त्याने फोन ठेवून दिला.