अर्ध्यामुर्ध्याचं चिलखत

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग घालायला या खोलीत जागा नाही, खाटाच खाटा आहेत. तेव्हा नमस्कार उभ्यानेच घे.

मोबाइल पहिल्या दिवशी काढून घेतले, ते अजून उस्तादांच्या कपाटात कुलूपबंद आहेत. त्यामुळे आग विझवायला शिकणारे आम्ही सगळे वीर दुपारी पोस्टमनच्या तोंडाकडे बघत बसतो. आई कशी आहे? तिच्या गुडघ्याला विचारलंय म्हणून सांग.

आता मुद्द्याचं. आपल्या फाशांच्या खेळातला अर्धामुर्धा राक्षसाच्या दगडी दारापाशी येऊन उभा आहे आणि तू विचारतेस, काय घालून आत जाणार? निम्मा योद्धा, निम्मा जादूगार; बिचाऱ्याची दोन्हीकडून ओढाताण. पोलादी चिलखत चढवलं तर घाव झेलेल, पण हात जड होऊन मंत्र फसणार. फाशावर एक पडला तरच जादू चालायची. सुती अंगरख्यात पाचपर्यंत काहीही पडलं तरी मंत्र लागतो, पण घावाचा फासा दोनच्या वर गेला की खेळ खलास. मधलं कातडी चिलखत मला नको. ते धड इकडचं ना तिकडचं.

मी अंगरखा घेतो. चपळ असतो तो वाचतो, हे मी इथे बघितलंय. काल सरावात धुराच्या खोलीतून माणसाएवढा पुतळा शोधून आणायचा होता. अंगातला कोट म्हणजे नुसतं ओझं. मी त्याचं अस्तर काढून गादीखाली घातलंय (झोपही छान लागते), आणि आत शिरलो की गळ्याचा हूक सोडतो. सगळ्यांच्या आधी पुतळा खांद्यावर घेऊन बाहेर! उस्ताद म्हणाले, हा पोरगा वारा आहे वारा.

बाकी क्षेम. माझ्यावर जीव आहेच, तो जरा फाशातही उतरू दे.
तुझा,
खारू

९ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. पण आज ते दात-ओठ खाऊन देते आहे.

तुझं पत्र कारखान्यात, मशीनवर बसूनच वाचलं. अस्तराच्या ओळीपाशी आले आणि पायाखालचं पायडल सुटलं. खारू, मी दिवसभर काय शिवते? तुम्हा लोकांच्या कोटांची अस्तरंच ना? बाहेरचं कापड सगळ्यांना दिसतं, त्यावर चमकत्या पट्ट्या असतात, फोटोत छान दिसतात. पण माणूस वाचतो तो आतल्या थरांमुळे आणि त्यांच्यात कोंडलेल्या हवेमुळे. बाहेरचं कापड पेटत नाही, पण तापतं. आमच्याकडे तुकडा ज्योतीवर धरून तपासतात, मागे मेणाचा गोळा ठेवतात. अस्तर असलं की मेण तसंच राहतं. नसलं की बघता बघता पाणी होतं. मी ते रोज बघते, आणि आता त्या मेणाच्या जागी मला काय दिसतं ते लिहवत नाही.

धुराच्या खोलीत नुसता धूर असतो रे राजा. आग नसते. पुतळ्याला वाचवून कुणी वारा होत नाही.

अस्तर कोटात घाल, नाहीतर मी उस्तादांना लिहीन. आणि अंगरख्यासाठी फासा टाकला जाणार नाही. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती तुझ्या खोलीतले पडदे धुते आहे आणि गुणगुणते आहे.

रागावले तरी तुझीच,
ताई

१४ फेब्रुवारी

ताई,
नमस्कार.

उस्तादांना लिहिलंस तर मला उद्याच घरी पाठवतील. मग बस जन्मभर माझा हात धरून. शाळेत मधल्या सुट्टीत भिंतीवरून डोकावून बघायचीस, मी डबा खाल्ला की नाही ते. पोरं मला ‘ताईचं बाळ’ म्हणायची. इथे पहिल्यांदा कुणी मला दुसरं काही म्हटलंय.

खेळ तो खेळ. नियम लहानपणापासून ठरलेला आहे: दोघंही एकमेकांना लबाड म्हणायचो म्हणून फासा आई टाकते. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच ती टाकते. तर मी अंगरखाच निवडतो. राक्षसाच्या घावाचा फासा आईकडून टाकून घे. अर्धामुर्धा वाचला, तर अस्तराचा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस, आणि उस्तादांना एक अक्षर लिहायचं नाहीस. मेला, तर मी आपल्या हाताने अस्तर कोटात घालीन. पडेल तेच लिहायचं. कबूल?

खारू

१९ फेब्रुवारी

चि. खारूस,
आशीर्वाद.

कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

आई शेंगा सोलत होती. तिच्या हातात फासा दिला. तिने नेहमीसारखी फुंकर मारली आणि ताटात टाकला. दोन पडले. म्हणजे अर्धामुर्धा वाचला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ताटात सहा होते.

आईने माझा चेहरा पाहिला होता. एवढंसं दोन पडलं म्हणून पोरगी पांढरीफटक पडली असं तिला वाटलं, आणि तिने फासा एका बोटाने कलंडवला. म्हणाली, घे, सगळ्यात मोठा पडला. इतकी वर्षं ती आपले फासे टाकते आहे, पण आपल्या खेळात लहान आकडा चांगला असतो हे तिला आपण कधी सांगितलंच नाही. आपल्या लेकरांच्या बाजूने लबाडी करायला गेली आणि राक्षसाच्या हातात तलवार देऊन बसली.

मी तुला सहा लिहिलं होतं. पाकीटही चिकटवलं. एका आकड्यात सगळं मिटत होतं. मग ते फोडलं. उद्या तू आत असशील, धूर असेल, आणि बाहेरून कुणी ओरडून सांगेल की डावीकडे वळ. तेव्हा माणसाच्या शब्दावर तुझा भरवसा असायला हवा. तो माझ्यापासूनच मोडायला नको.

दोन पडले होते. तू जिंकलास. मी त्या विषयावर आता काही लिहिणार नाही.

पण मी रडले, आणि आईने सगळं काढून घेतलं. सोबत तिची चिठ्ठी आहे. ती मी वाचलेली नाही.

ताई

चि. खारू,
उदंड आयुष्य.

तुझ्या ताईने शब्द दिलाय, मी दिलेला नाही. म्हणून मी लिहिते.

फासा मी फिरवला. मला वाटलं मोठं ते चांगलं. तू वारा झालास ते ऐकून आनंद झाला, पण मी वाऱ्याला जन्म दिलेला नाही. हाडामांसाचा होतास आणि फार रडका होतास.

तुझ्या उस्तादांना पत्र लिहून पत्ता घालून ठेवलंय. पाठवत नाही. तू मोठा झालास असं ताई म्हणते, तर कसा झालास ते बघते. पंधरवड्यात तुझं उत्तर आलं नाही तर मात्र तिकीट लावीन.

गुडघा बरा आहे. नीट जेव.
आई

२ मार्च

खारू,

तुझं पत्र नाही. आजच्या पेपरात गाद्यांच्या गोदामाची आग आहे, काल दुपारची. माणसं कमी पडली म्हणून शिकाऊ मुलांनाही नेलं, असं लिहिलंय. केंद्रावर फोन लागत नाही. लागतो तेव्हा कुणी उचलत नाही. आई पडदे पुन्हा धुते आहे. गुणगुणत नाही.

दोन शब्द लिही. नुसतं नाव लिही.

ताई

२ मार्च

ती. आईस आणि ती. ताईस,
दोघींना मिळून एकच नमस्कार, कारण डावा खांदा वाकू देत नाही.

घाबरू नका. लाल झालाय, फोड एकही नाही. उस्तादांचा फोन तुमच्याकडे लागेना, म्हणून हे लिहून आजच्या गाडीने पाठवतो आहे.

गोदामात काल आम्हाला पाईप ओढायला नेलं होतं. मागच्या खोलीत पहारेकरी अडकला होता आणि पुढे मी आणि उस्तादच होतो. मी वारा नव्हतो. कोटाचं ते धूड अंगावर घेऊन बैलासारखा चाललो होतो. पहारेकरी पुतळ्यासारखा नसतो, ताई. तो गळ्याला मिठी मारतो. त्याला दोन्ही हातांनी ओढत आणताना वरून जळता स्पंज खांद्यावर पडला आणि तिथेच चिकटला. झटकायला हात मोकळा नव्हता. दारापर्यंत तो तसाच जळत होता.

बाहेर आल्यावर उस्तादांनी कोट उतरवला. वरचं कापड कोळसा झालं होतं. अस्तर नुसतं पिवळं पडलं होतं. दुहेरी शिवण होती, तुझी असते तशी. तुझ्याच हातची असेल असं नाही, पण मी तिच्यावर बोट फिरवत बसलो, आणि आईने लिहिलंय तसा झालो, रडका.

तुमचं पाकीट आलं त्याच दिवशी मी गादी उचलून अस्तर कोटात घातलं होतं. तू सहा लिहिलं असतंस तर मला लबाडीचा वास आला असता आणि मी हट्टाने अस्तर काढूनच ठेवलं असतं. तू दोन लिहिलंस. जिंकल्यावर हट्ट कुणाशी करायचा? उस्तादांना सगळं मी स्वतःच सांगितलं. महिनाभर सगळ्यांचे कोट धुवायची शिक्षा झाली आहे. आई, तिकीट वाचलं.

ताई, अर्धामुर्धा त्या घावातून वाचला, पण राक्षस अजून समोर आहे. मला चिलखत बदलायचंय. अंगरखा काढ, पोलाद चढव. आता शेवटचा मंत्र, आणि पोलादात तो एक पडला तरच लागणार, हे ठाऊक आहे. आईलाच फासा टाकू दे. पण आधी तिला नीट समजावून सांग, की आपल्या खेळात सगळ्यात मोठा आकडा एक असतो.

आणि तिने टाकला, की तू जरा वेळ खिडकीबाहेर बघ.

लोभ आहेच, त्यात या वेळी थोडी लबाडी मिसळू द्या.
तुमचा,
खारू