पेटिग्रूंचा परिचय

३ ऑगस्ट १९८६, रविवार
रॉस्को पेटिग्रू येणार! व्यावसायिक बास्केटबॉलचे चौदा सीझन, बावीस हजार पॉइंट्स, दोन चॅम्पियनशिप्स; आणि आता शॉमबर्गमधल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाला प्रमुख पाहुणे. अध्यक्ष चारुदत्त त्यांचा डेंटिस्ट. दाढ भरताना विचारलं म्हणे. तोंडात ड्रिल असताना नाही कोण म्हणणार?
मोजून वीस मिनिटं थांबणार. त्यातली शेवटची दहा आमच्या सुलेखाची. कार्यक्रम शाळेच्या जिममध्येच आहे, तिथे तिचा शॉट बघून चुका सांगणार. ती टीममध्ये आहे, पण वर्षभर बेंचवरच. बातमी ऐकून गॅरेजसमोर अंधार पडेपर्यंत बॉल टाकत होती.
परिचय करून द्यायचं काम मी मागून घेतलं. चार मिनिटं पुरेत.

९ ऑगस्ट
लायब्ररीत पाच तास जुने पेपर वाचले. आपल्याकडे परिचय म्हणजे नुसती खुशामत. मी माणूस जसा आहे तसा मांडणार.

१७ ऑगस्ट
१९७४ची फायनल. टीम एका पॉइंटने मागे, दोन सेकंद बाकी, पेटिग्रूंना दोन फ्री थ्रो. दोन्ही हुकले, फायनल गेली. सांगावं का? स्वतःला कठोरपणे विचारलं. बावीस हजार सांगायचे आणि हे दोन लपवायचे, हा अप्रामाणिकपणा. घेतलं.
वडिलांच्या अंत्यविधीच्या दिवशी तिथे न जाता मॅच खेळले, हेही सापडलं. खाजगी आहे का? पण पेपरात छापून आलंय. घेतलं.

२४ ऑगस्ट
तेवीस पानं. बोलणार मराठीतच. सुलेखा शेजारी बसून पाहुण्यांना इंग्रजीत सांगेल. ती म्हणाली, डॅड, प्लीज कीप इट शॉर्ट, नंतरचा टाइम माझा आहे. शब्द दिला.

३१ ऑगस्ट
शरयूला घड्याळ घेऊन समोर बसवलं. सदतीस मिनिटं. म्हणाली, अहो, सत्यनारायणाची कथा याच्या आधी संपते, आणि वर प्रसाद मिळतो.
सगळी विशेषणं काढली. पस्तीस. स्टेजवर माणूस भरभर बोलतो, हे तिला माहीत नाही.

६ सप्टेंबर
चारुदत्तचा फोन. म्हणाला, मोहन यार, तीन मिनिटं बोल आणि बस. माणूस पाहुणा म्हणून येतोय, तू त्याचे सगळे दात मोजू नकोस. त्याला अभ्यासाची किंमत नाही.

१२ सप्टेंबर
शरयू म्हणाली, निदान वडिलांचं तरी गाळा. आपण मिरवण्यासाठी तर हे करत नाही ना, असं स्वतःला विचारलं. नाही. प्रकरण मिटलं.

१३ सप्टेंबर, शनिवार
५.१० ला आले. शाल त्यांना एका खांद्यापुरतीच झाली. नारळ हातात लिंबाएवढा दिसत होता. सुलेखा साडीत, खाली स्नीकर्स.
पानं एक ते सहा उत्तम. सातव्या पानावर फ्री थ्रो. पाहुणे जमिनीकडे बघत होते, भारावले असावेत. नवव्या पानावर वडील. सुलेखाने ते वाक्य गाळलं. माझं लक्ष होतं. माइकवरूनच तिला सांगितलं, बेटा, पूर्ण सांग, अर्धवट नको. तिने सांगितलं. आवाज फार बारीक. उच्चारांवर मेहनत घ्यायला हवी.
बाराव्या पानावर वीस मिनिटं झाली. पेटिग्रू उठले, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि गेले. सुलेखा त्यांच्या मागे दारापर्यंत धावली. मी उरलेली अकरा पानं वाचली. लोक पुलावाच्या लाइनीत गेले होते, पण स्पीकर तिथेही होता.

१४ सप्टेंबर, रविवार
सुलेखाला दहा मिनिटं मी शिकवतो म्हणालो. मला आता त्यांचा शॉट तोंडपाठ आहे. तिने दार लावून घेतलं.
दुपारी चारुदत्तची बायको विनीता आली. काल ती दाराशीच उभी होती. ती म्हणाली, पेटिग्रूंनी जाताना सुलेखाला विचारलं, हा माणूस तुझा कोण? सुलेखा म्हणाली, नोबडी, कमिटीवर आहेत कोणीतरी.
मी कमिटीवर नाही. ही चूक तिच्या लक्षात आणून द्यावी का, याचा विचार करतो आहे.