पितळी झाकण

४ मार्च, सोमवार
माझ्या हातचं — सीट, साइड स्टँड, मागचं कॅरिअर, क्लचची केबल आणि टाकीचं झाकण. पितळी! लेथवर तीन रविवार गेले. आत सायकलच्या ट्यूबमधून कापलेला वायसर. जुन्या झाकणातून पावसाचं पाणी टाकीत जायचं. याच्यातून वाफसुद्धा बाहेर पडत नाही. एकोणीस वर्षांची मोटारसायकल — आता कुणी नावं ठेवून दाखवावीत.
मी बाजारापुरतीच फिरवायचो. आजपासून लेक हॉस्पिटलात घेऊन जाते. सतरा किलोमीटर. नर्सची नोकरी, अजून कायम नाही.

७ मार्च
लेक म्हणते, गाडी मध्येच दम सोडते. मागून कुणी धरून ओढल्यासारखी. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू. आज उशीर झाला, मोठ्या सिस्टरनं सगळ्यांसमोर झापलं म्हणे.
प्लग काढला — बदामी, निरोगी. पॉइंटची फट मोजली. कार्ब्युरेटरचे जेट फुंकले. मग नेहमीसारखं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, झाकण घट्ट लावलं आणि चार किलोमीटरची फेरी मारली. काही नाही. लोण्यासारखी चालली.

९ मार्च
पुन्हा तेच! हाफ क्लचवर चालवत असशील, म्हणालो. शेजाऱ्यांच्या देखत.
गेल्या महिन्यात मेस्त्रीनं कार्ब्युरेटर साफ केलं होतं. त्यानंच वाट लावली, असं चार लोकांत सांगून आलो.

१२ मार्च
लेकीनं वहीत मांडून ठेवलंय, कितव्या किलोमीटरला बंद पडली ते. अकरा. दहा. अकरा.
"बाबा, शुक्रवारी वाटेत पेट्रोल भरलं, त्या दिवशी थेट पोचले. झाकण उघडण्याशी काही संबंध असेल का?"
"तू इंजेक्शनं दे. इंजिन मी बघतो."
स्वतःच हसलोही.

१४ मार्च
चौकाच्या मधोमध गाडीनं दम सोडला. मागून टेम्पो. लेकीचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. नोकरीचं पुढे बघू, म्हणाले हॉस्पिटलवाले.
आमची ही एवढंच म्हणाली, "ती सांगत होती ना."

१७ मार्च, रविवार
हँडल सरळ केलं. लेकीची वही खिशात घातली आणि पहिल्यांदाच झाकण न उघडता निघालो. साडेदहा किलोमीटरला दम सुटला. रस्त्याच्या कडेला थांबून लगेच झाकण फिरवलं — सूं! टाकीनं हवा आत ओढली. किक मारली. चालू.
पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला हवी. मी वाटच ठेवली नव्हती. जुन्या झाकणाला भोक होतं, तो मला दोष वाटला. आणि प्रत्येक फेरीआधी झाकण उघडून मीच हवा आत सोडत होतो, म्हणून माझ्या हाताखाली कधी बंद पडली नाही.
घरी हिनं विचारलं, काय निघालं?
"कचरा," म्हणालो.
लेक डाव्या हातानं वेणी घालायचा प्रयत्न करत होती. तिनं मान वर केली नाही.

१८ मार्च
एक मिलिमीटरचं भोक पाडलं. दोन मिनिटं लागली.

१९ मार्च
कचरा नव्हता, हे आज हिला सांगितलं. लेकीला सांगायची गरज नव्हती. गेल्या महिन्यात कार्ब्युरेटर साफ केलं त्या दिवशी ती माझ्याशेजारीच उभी होती. मेस्त्रीनं माझं झाकण उलटसुलट करून पाहिलं होतं. "काका, काम झकास आहे, पण टाकीनं श्वास कुठून घ्यायचा? कंपनीचं आहे माझ्याकडे, ते लावा." लेकीनं पर्स उघडली. मी तिचा हात बाजूला सारला आणि नको म्हणालो.
एकशे ऐंशीला देत होता.