नव्वद किलोंची जागा

सस्कॅचेवान, १४ जुलै

आदरणीय ओरेस्टदादा यांस,

नेस्टरचा नमस्कार. वाकूनच करणार होतो, पण कंबर धरली आहे, तेव्हा बसल्याजागी केलेला गोड मानून घ्या. इकडे सर्व ठीक. शेतात कॅनोलाचं पीक फुललं आहे, पाऊस बेताचा, डास मात्र पोटभर. तुमच्या छातीचे टाके भरले का? फिरायला जाता का? डॉक्टरांनी लोणी बंद केलं म्हणे, मग पेरोगी कशाशी खाता? तुमची बहीण व्हेरा दर रविवारी बटाटा भरून उकडलेल्या चार डझन पेरोगी करते आणि "दादाला फार आवडायच्या" असं म्हणून डोळे पुसते. (तुम्ही जिवंत आहात याची मी तिला दर वेळी आठवण देतो.) त्या सगळ्या तुमच्या नावानं मलाच संपवाव्या लागतात.

तर मुद्दा असा. तुमचं मार्चमध्ये ऑपरेशन झालं तेव्हापासून व्हेराचा एकच धोशा आहे, दादाला डोळ्यांनी बघायचं. नऊ ऑगस्टला तुमची सत्तरी. त्याच्या आत तिला डोंगर आणि समुद्र ओलांडून नानायमोला तुमच्या दारात उभी करीन, असा शब्द मी देऊन बसलो. आता विमानाचं नाव काढू नका. (जमिनीवरून पाय सुटला की माणसाला देव आठवावा लागतो, आणि आमचं दोघांचं बरेच दिवस बोलणं नाही.) म्हणून मी मे महिन्यात एक ट्रेलर घेतला. चाकांवरचं घरच म्हणा ना. पलंग, शेगडी, न्हाणीघर, शिवाय भिंतीत विजेची शेकोटी. ऑगस्टमध्ये शेकोटी कशाला, असं व्हेरानं विचारलं. बायकांना हौस म्हणून नसते. ते धूड ओढणार कोण हा विचार मी ते अंगणात येऊन उभं राहिल्यावर केला.

तसा मी अगदीच वेंधळा नाही. माझी बारा वर्षांची पिकअप चार हजार नऊशे किलो ओढते असं तिच्या पुस्तकात छापलंय, आणि ट्रेलर त्याच्या पुस्तकात तीन हजार तीनशेचा. वजाबाकी मला येते. पण पेट्रोल पंपाच्या हॉटेलात रोज दहाला कॉफीला बसणारी आमची नऊ टाळकी तुम्हाला माहीत आहेत. आठ जणांची आठ मतं निघाली आणि नवव्या विल्मरची दोन. कुणी म्हणे डिझेलशिवाय डोंगर चढणार नाही, कुणी म्हणे मागे चार टायर हवेत, कुणी म्हणे ट्रेलर वीक आणि कोंबड्या पाळ. शेवटी विल्मर म्हणाला, "अरे शहाण्या, गाडी ओढते किती ते सोड. तिच्या पाठीला झेपतं किती ते बघ. ड्रायव्हरचं दार उघडलं की स्टिकर दिसतो. बारा वर्षं काय खिडकीतून आत शिरतोस?"

स्टिकर होता. माणसं आणि सामान मिळून सहाशे पन्नास किलो, त्यावर एक नाही.

मग भरलेला ट्रेलर हळूहळू घेऊन आम्ही धान्याच्या गोदामातल्या वजनकाट्यावर गेलो. भरलेला म्हणजे व्हेरानं भरलेला, हे लक्षात घ्या. तुमच्यासाठी बीट आणि काकडीच्या लोणच्याच्या बरण्या, बिडाचे तवे, दोन गोधड्या, शिवणयंत्र. (तुमच्याकडे पडदे शिवायचे आहेत म्हणे.) तीन हजार तीनशेचे चार हजार तीनशे झाले होते, आणि त्यातले पाचशे साठ नुसते पिकअपच्या पाठीवर टेकलेले. काट्यावरचा कारकून मेट्रो कागदावर आकडे मांडून म्हणाला, "माणसांना नव्वद उरले. उतरा दोघं आणि एकेक जण काट्यावर या." त्या काट्याचे आकडे हातभर उंचीचे, लाल, आणि तोंड रस्त्याकडे. मागे गव्हाचे तीन ट्रक खोळंबलेले. व्हेरा गाडीतून उतरलीच नाही. काच खाली करून म्हणाली, "मेट्रो, आधी तुझ्या बायकोला उभी कर, मग मी येते." मी मात्र उभा राहिलो. एकशे दहा. मागचे तिघं ड्रायव्हर हॉर्न वाजवून दाद देत होते. थोडक्यात, त्या गाडीत व्हेरा बसू शकते, मी नाही, आणि व्हेराला ट्रेलर ओढता येत नाही.

म्हणून मोठा ट्रक बघायला गेलो. मागे चार चाकं, डिझेल, नांगराला जुंपावा असा. व्हेराला चढता येईना तेव्हा विक्रेत्यानं स्टूल आणून दिलं. वर बसून तिनं चौफेर पाहिलं आणि म्हणाली, "इथून दादाचं घर दिसतंय की." मग मी किंमत विचारली आणि त्याच स्टुलावर बसलो.

तर ट्रेलर अंगणात उभा आहे. दुपारची कामं आवरली की व्हेरा त्यात जाऊन बसते, पश्चिमेच्या खिडकीशी. दादा, मला ते बघवत नाही. शब्द मी दिला होता.

वहिनींना नमस्कार. प्रकृतीला जपा.

तुमचा मेहुणा,
नेस्टर

ता. क. सहज आठवलं म्हणून विचारतो, तुमचा तो थोरला डिझेल ट्रक हल्ली कोण चालवतं? उभी राहून गाडी खराब होते. तुमचा मुलगा तारास तो इकडे घेऊन आला तर त्यालाही हवापालट होईल. बोटीचा टप्पा धरून एकोणीसशे किलोमीटर, म्हणजे काहीच नाही.

ता. क. २. त्या ट्रकला मी एका लग्नात 'मिशीला पीळ द्यायची गाडी' म्हणालो होतो. ते शब्द परत घेतो. गाडी उत्तम आहे.

(याखाली पेन्सिलीनं, दुसऱ्या अक्षरात)

दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. ट्रक पाठवू नकोस. पंचवीस तारखेला आपण सस्कटूनला एक ट्रक बघायला जातोय, असं मी यांना सांगितलंय. विमानतळाच्या अगदी शेजारी आहे म्हटलं. दोन तिकिटं माझ्या पर्समध्ये आहेत, पुढचं तिथे गेल्यावर सांगेन. हे ओरडतील, पण येतील. माझ्यासाठी यांनी आख्खं घर विकत घेतलं, दोन तास बसतील की. तू न्यायला ये. उतरल्यावर आधी यांचा हात धर, पाय लटपटत असतील आणि कबूल करणार नाहीत. मग माझाही धर. मार्चपासून मला नीट झोप नाही.